बर्फाचं वजन

सिलिंडरची तोटी उघडली तेव्हा आतून वायूचा फूत्कार यायला हवा होता. काहीच आलं नाही. पर्यावरण खात्याच्या निरीक्षकाने सिलिंडर उलटा करायला लावला, आणि त्याच्या बुटांवर गंजकट पाण्याची धार पडली.

दुसऱ्या सिलिंडरात पाणी. तिसऱ्यातही पाणी. उरलेल्या सहांची कथा वेगळी नसणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. उघडण्यापूर्वी नऊही सिलिंडरांवरची सीलं शाबूत होती आणि वजनं जशीच्या तशी होती.

हे घडलं फिलिपिन्समधल्या जनरल सांतोस बंदराजवळच्या गाएर्लान कोल्ड स्टोरेजमध्ये. दीड महिन्यापूर्वी जुना तीन नंबरचा फ्रीझर मोडीत काढताना त्यातला थंडावा देणारा गॅस काढून या सिलिंडरांत भरला होता. तो हवेत सोडणं गुन्हा. तो नष्ट करणाऱ्या कारखान्याकडे पाठवायचा, तिथली पावती वर्षाच्या अहवालाला जोडायची, असा नियम. गॅस काढला होता अलिपियो नावाच्या मेकॅनिकने. निरीक्षकाने त्याच दिवशी त्याचं परवान्याचं कार्ड काढून घेतलं.

चौथ्या दिवशी पेट्रा माग्बानुआच्या ओसरीवर अलिपियोची बायको लुझमिंडा येऊन बसली. सोबत केळीच्या पानात बांधलेला भाजलेल्या टूनाचा जबडा होता. लुझमिंडाची बंदराच्या फाटकासमोर खाणावळ होती.

"मानांग, माझा नवरा आळशी असता तर मी तुमच्याकडे आले नसते," ती म्हणाली. तिकडे थोरल्या बाईला मानांग आणि थोरल्या पुरुषाला मानोंग म्हणतात, धाकट्यांना दाय आणि दोंग. "तो घरचा पंखासुद्धा पूर्ण उघडून, पुसून मग जोडतो. तो गॅस हवेत सोडून सिलिंडरात पाणी भरील?"

"लोक काय म्हणतात?" पेट्राने विचारलं.

"म्हणतात, गॅस नीट काढायला दोन दिवस लागतात, हवेत सोडायला दोन मिनिटं. दाव्हाओला जायची घाई होती म्हणून सोडला. त्या सोमवारपासून परवान्यासाठी त्याचा उजळणीचा वर्ग होता ना तिथे. आता खटला होणार. कार्ड गेलं तर या किनाऱ्यावर त्याला कोणी मशीनला हात लावू देणार नाही."

पेट्राने आयुष्यभर विमा कंपनीसाठी नासलेली मासळी तपासली होती. मासळी कोणाच्या हलगर्जीपणाने नासली, हे ती वासावरून नव्हे तर लोकांच्या बोलण्यावरून ओळखत असे. निवृत्तीनंतरही लोक येत राहिले. तिच्यासोबत असे तेओडुलो साराबिया, सगळ्यांचा डुलो, पोलिसातला माजी सार्जंट. तो तिची गाडी चालवी, टिपणं काढी, आणि निष्कर्ष नेहमी तिच्या आधी काढी. तो बहुतेकदा चुकीचा असे.

लुझमिंडा गेल्यावर डुलोने पान उलगडलं. "मॅम, ही बाई चांगली आहे. जबडा तर फारच चांगला आहे. पण सीलं शाबूत, वजनं बरोबर. म्हणजे सील लागण्यापूर्वीच पाणी आत होतं. आणि त्याआधी सिलिंडर फक्त अलिपियोच्या हातात होते. संपलं की!"

"मग सावकाश खा, सार्जंट. घाई कसली?"

*

अलिपियो खाणावळीच्या मागच्या बाजूला कांदे सोलत बसला होता. बारीक, अबोल माणूस.

"शुक्रवारी संध्याकाळी नववा सिलिंडर भरला," तो म्हणाला. "सगळे एक नंबरच्या फ्रीझरमध्ये ठेवले आणि घरी गेलो. सोमवारी पहाटेची बस पकडली. आठवडाभर दाव्हाओला होतो. परत आलो तेव्हा सीलं लागलेली होती."

"फ्रीझरमध्ये? मासळीबरोबर?" डुलोने विचारलं.

"आमच्याकडे तसंच करतात, मानोंग. सिलिंडर गार असला की गॅस पटकन ओढून घेतो. आणि भरल्यावर गॅसच्या कोठीत ठेवला तर वरचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. आतला दाब वाढतो. म्हणून वजन होईपर्यंत फ्रीझरमध्येच."

"शनिवार-रविवारी तो फ्रीझर कोणी उघडला असेल?"

"आत निर्यातीचा टूना होता. दाराला मालकीण मॅडमचं स्वतःचं कुलूप, बाहेर पहारेकरी. माशीसुद्धा जाणार नाही."

डुलोने ते लिहून घेतलं आणि मनातल्या मनात अलिपियोच्या गळ्यातला फास आणखी आवळला. कुलूपबंद फ्रीझर म्हणजे त्याच्यानंतर दुसरा कोणी नाही.

*

कोल्ड स्टोरेजमध्ये आधी भेटला उसोप. मालाची ने-आण आणि गॅसच्या कोठीची किल्ली, दोन्ही त्याच्याकडे. तो माणूस पहाडासारखा होता, पण अलिपियोचं नाव निघताच त्याचा चेहरा पडला.

"तो माझ्या मुलाच्या लग्नात वाढायला उभा होता, मानांग. पण जे कानांनी ऐकलं ते निरीक्षकाला सांगावंच लागलं."

"काय ऐकलंस?"

"सोमवारी सकाळी सिलिंडर मीच फ्रीझरमधून काढले. हातगाडीवर आडवे करताना आतून खुळखुळ आवाज! शहाळं हलवावं तसा. एकाचा नाही, सगळ्यांचा. तेव्हा लक्षात आलं नाही. आता कळतंय, आत पाणी होतं."

डुलोने वहीत जाड रेघ मारली.

"फ्रीझरमधून काढल्या काढल्या ऐकलास आवाज?" पेट्राने विचारलं.

"दारातच. हातमोजे घालूनही बोटं बधिर झाली होती. सिलिंडरांवर असा पांढरा थर, की वरून दूध ओतलं असतं तर खिसलेल्या बर्फाचा हालो-हालो म्हणून विकता आला असता." तो हसला, मग हसल्याबद्दल ओशाळला. "तसेच ढकलत काट्यावर नेले. वजन करणाऱ्या जोसेल मॅम घाई करत होत्या."

"फ्रीझर कसे चालतात रे तुमचे, दोंग?"

"एक नंबर बरा. दोन नंबर म्हणजे म्हातारा, पावसाळ्याच्या सुरुवातीला नुसता खोकत होता. मासळी दगडासारखी व्हायला हवी, ती बटाट्यासारखी निघायची. पण गेला महिना-दीड महिना जवान झालाय. आमच्या मॅनेजर एंजिनिअरनी स्वतः बाह्या सरसावून दुरुस्त केला."

"कोठीची किल्ली फक्त तुझ्याकडे?"

"दुसरी ऑफिसात, खिळ्याला. कोणीही घेऊ शकतो. पण घेऊन करणार काय? आत नळकांडी आणि पाली."

निघताना पेट्रा म्हणाली, "एक काम कर. पाणी निघालेल्या सिलिंडरांपैकी एखादा आज, शुक्रवारीच, एक नंबरच्या फ्रीझरमध्ये ठेव. सोमवारपर्यंत. मॅडमची परवानगी मी घेते."

"पाणी थंड करून पिणार आहात का, मॅम?" बाहेर आल्यावर डुलोने विचारलं.

"तुम्हालाच पाजणार आहे."

*

जोसेलच्या टेबलावर तीन फोन आणि अर्धा खाल्लेला पाव होता. पर्यावरणाचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणं आणि परदेशी गिऱ्हाइकांना अहवाल पाठवणं, ही तिची नोकरी.

"मी स्वतः वजन केलं," ती म्हणाली. "स्वतः सीलं लावली. तिथेच, काट्यावर. तसं लिहून सहीसुद्धा केलीय."

"वजन सिलिंडरवर लिहीत नाहीत का? बाकी सगळीकडे मार्करने लिहितात."

"उमटत नव्हतं. फोनवर टिपलं आणि एंजिनिअरना पाठवलं. मासे मोजायचा काटा आहे, ग्रॅमपर्यंत दाखवतो."

"आणखी कोणाला पाठवलंस?"

"उसोपला पाठवू? तो त्याचा फोटो काढून बायकोला पाठवील." ती हसली, पण तिचे डोळे पेट्राच्या हातातल्या सीलकडे होते. न उघडलेल्या सिलिंडरांची सीलं पेट्रा कोठीत पाहून आली होती, आणि नमुना म्हणून तसलंच एक कोरं सील मागून घेतलं होतं. साधा कागद, मागे डिंक.

"किती सुबक लावलीस गं, दाय," पेट्रा म्हणाली. "एक सुरकुती नाही."

जोसेलने अर्धा पाव कागदात गुंडाळून ठेवला.

*

एंजिनिअर क्रिसांतो कोल्ड स्टोरेजचे व्यवस्थापक होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा.

"बोटीवरच्या," पेट्राची नजर पाहून ते म्हणाले. "वीस वर्षांचा असताना मासेमारीच्या बोटींवर गॅस भरत फिरायचो. ऑफिसात जन्मलेला नाही मी."

"हे अहवालाचं गणित जरा समजावा ना, एंजिनिअर. आमच्या सार्जंटला कळत नाही."

डुलोला ते खरंच कळत नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला.

"सोपं आहे. धडधाकट मशीन गॅस खात नाही. वर्षात जितका गॅस विकत घेऊन मशीनमध्ये भरावा लागला, तितका गळून हवेत गेला असं धरतात. गॅस विकत घेतला, की गळती वाढली." त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. युरोपातल्या गिऱ्हाइकाने दिलेलं प्रशस्तिपत्र होतं. "या वर्षी आम्ही एकही सिलिंडर विकत घेतलेला नाही."

"वा! आणि अलिपियो?"

एंजिनिअरनी उसासा टाकला. "चांगला मुलगा होता. पण पुरावा बघा. सील लावताना जे वजन होतं, तेच निरीक्षकाच्या दिवशी. नऊच्या नऊ, ग्रॅमचा फरक नाही. म्हणजे मधल्या काळात कोणी हात लावलेला नाही. जे काही झालं, ते त्याआधीच."

"ग्रॅमचाही फरक नाही?"

"एका ग्रॅमचाही नाही."

"हे फार महत्त्वाचं आहे," पेट्रा म्हणाली, आणि उठली.

गाडीत डुलोने वही मिटली. मग म्हणाला, "मॅम, लुझमिंडाला आपण काय सांगायचं? उसोपने पाणी ऐकलं. वजनं सांगतायत कोणी हात लावला नाही. मला तिच्या खाणावळीत पुन्हा जायला तोंड राहणार नाही."

"तुमचं तोंड वाचलं, सार्जंट. उसोपनेच वाचवलं."

डुलोने दोन चौक ओलांडेपर्यंत विचार केला. मग नाद सोडला.

*

सोमवारी सगळे माल उतरवायच्या ओट्यावर जमले. मालकीण मॅडम गाएर्लान प्लास्टिकच्या खुर्चीवर, बाकीचे उभे. निरीक्षक अलिपियोचं कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन आला होता. अलिपियो सर्वांपासून दूर, खांबाला टेकून. त्याची बायको फाटकाबाहेर थांबली होती. तिला आत सोडलं नव्हतं.

"उसोप," पेट्रा म्हणाली, "शुक्रवारी ठेवलेला सिलिंडर काढ. आणि हलवून दाखव."

उसोपने फ्रीझरचं दार उघडलं. पांढऱ्या वाफेतून तो सिलिंडर घेऊन आला, आडवा केला, कानाशी नेला, पुन्हा जोरात हलवला. त्याच्या भुवया वर गेल्या.

"मुका झालाय."

"होणारच. आत पाणी आहे. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत या फ्रीझरमध्ये टूनाचा दगड होतो, पाण्याचा होणार नाही?" पेट्रा निरीक्षकाकडे वळली. "अलिपियोचे सिलिंडरही शुक्रवार ते सोमवार इथेच होते, कुलूपबंद. बाहेर काढले तेव्हा दारातच खुळखुळत होते. पाणी असतं तर ते मुके असते. या थंडीत जे पातळ राहतं, ते पाणी नव्हे. तो गॅसच होता. द्रव झालेला. उसोप, तू मित्राविरुद्ध साक्ष दिलीस असं तुला वाटलं. ती त्याच्याच बाजूची होती."

उसोपने सिलिंडर खाली ठेवला. अलिपियोकडे पाहायचं त्याला धाडस होईना.

"म्हणजे पाणी नंतर भरलं," निरीक्षक म्हणाला. "पण मग सीलं?"

"जोसेल, हे सील घे. या सिलिंडरच्या तोटीवर लाव."

जोसेल पुढे आली नाही. पेट्राने स्वतःच कागद दाबून बसवला. बर्फाच्या थरावर तो क्षणभर टिकला, ओला झाला, आणि घसरून ओट्यावर पडला.

"चिकटत नव्हतं," जोसेल एकदम म्हणाली. "दोनदा लावून पाहिलं. मार्करही उमटेना. दहा मिनिटांत गिऱ्हाइकाची मीटिंग होती. एंजिनिअर म्हणाले, सीलांचा गठ्ठा ठेवून जा, सुकले की मी लावून घेतो. मंगळवारी पाहिलं तर लावलेली होती. मी फॉर्मवर लिहिलं, काट्यावरच लावली. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

"एवढ्याने एक माणूस कांदे सोलायला बसला," मॅडम गाएर्लान थंडपणे म्हणाल्या.

"सोमवारची रात्र सिलिंडर सीलाशिवाय कोठीत होते," पेट्रा पुढे म्हणाली. "किल्ली खिळ्याला, कोणीही घ्यावी. अलिपियो तेव्हा दाव्हाओत. पण पाणी भरणाऱ्याला एक गोष्ट हवीच होती. प्रत्येक सिलिंडरचं वजन. सार्जंट, तुम्ही म्हणालात वजनं जुळली म्हणजे कोणी हात लावला नाही. एंजिनिअरही तेच म्हणाले."

"मग चुकलं कुठे?" डुलोने प्रामाणिकपणे विचारलं.

"पहिलं वजन केलं तेव्हा सिलिंडरांवर काय होतं?"

डुलोने थराकडे पाहिलं. ओट्यावरच्या दमट हवेत तो आणखी जाड होत होता, कडेने थेंब टपकत होते. "हालो-हालो," तो पुटपुटला.

"काट्याने बर्फही मोजला. एकेका सिलिंडरवर पाव किलो, कुठे जास्त, कुठे कमी. निरीक्षक आले तेव्हा सिलिंडर कोरडे ठणठणीत होते. कोणी हात लावला नसता, तर नऊही सिलिंडर हलके भरायला हवे होते. ते ग्रॅमपर्यंत जुळले. कारण कोणीतरी फोनमधले आकडे समोर ठेवून, काट्यावर बघत पाणी भरलं. त्या आकड्यांत बर्फ आहे हे त्याला माहीत नव्हतं. वजनाच्या वेळी तो इथे नव्हता. आणि ते आकडे जोसेलने एकाच माणसाला पाठवले होते. जोसेलला बर्फ ठाऊक होता. शिवाय सिलिंडर रिकामा करून, पंपाने हवा ओढून त्यात पाणी चढवणं हे तिचं काम नाही. ते बोटीवर शिकलेल्या हातांचं काम आहे."

कोणीही एंजिनिअरकडे मान वळवली नाही. पण सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

"मी एक सेंटाव्होही घेतलेला नाही," एंजिनिअर क्रिसांतो म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही गॅस विकला नाहीत. दोन नंबरमध्ये भरलात."

मॅडम गाएर्लान खुर्चीत पुढे झुकल्या. "दोन नंबरमध्ये? तो तर दुरुस्त केला होता."

"दुरुस्त नाही. भरला," एंजिनिअर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "गळती सापडत नव्हती. शोधायची तर फ्रीझर पंधरा दिवस बंद ठेवावा लागला असता, ऐन हंगामात. नवा गॅस विकत घेतला असता तर तो अहवालात गळती म्हणून दिसला असता. करारात मर्यादा आहे, मॅडम. ती ओलांडली की ऑर्डर दुसऱ्या देशात. इथे चारशे बायका मासे कापतात. कोठीत नऊ सिलिंडर पडले होते, नष्ट व्हायला निघालेले. पूर्वी नष्ट करणारा कारखाना फक्त वजन बघून पावती द्यायचा. यंदा निरीक्षक इथेच येऊन नमुना काढतील हे मला ठाऊक नव्हतं."

"आणि नमुन्यात पाणी निघालं तेव्हा?" पेट्राने विचारलं.

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तेव्हा मी आकडे जुळतात एवढंच म्हणालो. बाकीचं लोकांनीच म्हटलं."

"चारशे बायकांमध्ये फाटकाबाहेर उभी असलेली एक तुम्ही मोजली नाहीत, एंजिनिअर."

निरीक्षकाने घसा साफ केला. खिशातून कार्ड काढलं, त्यावरून उगाच अंगठा फिरवला, आणि अलिपियोपुढे धरलं. "खात्याच्या वतीने..." त्याने सुरुवात केली.

अलिपियोने कार्ड घेतलं. तो कार्डाकडे पाहतच नव्हता.

"सर," तो एंजिनिअरना म्हणाला, "नऊच्या नऊ भरलेत?"

"हो."

"दीड महिन्यापूर्वी?"

"हो."

"आणि गळती बुजवलीच नाहीत?"

एंजिनिअरनी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणजे आपण सगळे इथे बोलत उभे आहोत," अलिपियो म्हणाला, "आणि गॅस तिकडे सुटतोच आहे."

दोन नंबरची घरघर आता सगळ्यांनाच ऐकू येत होती. जोसेलने विचारलं, "मॅडम, अहवालात किती लिहू?" मॅडम गाएर्लान चौकटीतल्या प्रशस्तिपत्राच्या दिशेने, ऑफिसच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "जितका गेला तितका. फ्रीझर बंद करा. हंगामाचं मी बघते, गिऱ्हाइकाशीही मीच बोलते."

अलिपियोने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याची हत्यारांची पेटी बाहेर, बायकोच्या पायाशी होती. कार्ड गेलं त्या दिवशी पहारेकऱ्याने ती आत ठेवू दिली नव्हती. तो फाटकाकडे पळाला, पेटी उचलली, आणि तसाच मागे वळला.

"अहो!" लुझमिंडा ओरडली. "काय झालं ते तरी सांगा!"

"आलोच," म्हणत तो आत दिसेनासा झाला.

तिने घाबरून पेट्राचा हात धरला. "मानांग, कार्ड दिलं का त्यांनी?"

"दिलं."

"मग हा असा धावतोय कुठे?"

उत्तर डुलोने दिलं. या प्रकरणात पहिल्यांदाच तो बरोबर होता.

"कामावर," तो म्हणाला.